दोन मीटर दहा

कौन्सिलचं पत्र आलं तेव्हा
ओटिस खिडकीत बसला होता
माझ्याकडे पाठ करून,
जणू त्याला आधीच कळवलं होतं.

पत्र सभ्य होतं.
मांजर आपल्या हद्दीत ठेवावे.
हद्द म्हणजे काय हे मांजराला कोणी सांगायचं
याबद्दल त्यात काही नव्हतं.

खरं तर ठरलं होतं त्याच्याही आधी.
गेल्या ऑक्टोबरात पायपुसण्यावर
त्यानं निळा रेन आणून ठेवला,
अंगठ्याएवढा, अजून कोमट,
शेपूट टाचणीसारखी उभी.
घंटा बांधली होती गळ्यात,
उंदरांना न जमलेलं काम मी केलं होतं.
तो घंटा न वाजवता चालायला शिकला.
बत्तीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
ह्यूऑनच्या काठाकाठानं, धुक्यातून, बर्फातून,
एकाही पोराला खरचटू दिलं नाही.
त्या सकाळी मात्र फावडं धरताना
हात थरथरले.

होबार्टहून एक मुलगा आला टॅब्लेट घेऊन.
पावडर कोटिंग, तीन फळ्या, एक बोगदा:
चार हजार आठशे डॉलर.
माझी पहिली गाडी याच्या निम्म्यात आली होती
आणि तिच्यात रेडिओ होता.
'विचार करून सांगते,' म्हटलं.
म्हणजे नाही.
हे त्याला कळायला चहाचा दुसरा कप लागला.

शेजारचा ड्रॅगोमिर कुंपणावरून म्हणाला,
चेरीच्या झाडांवरची जुनी जाळी पडून आहे माझ्याकडे.
मी म्हटलं, ती पाखरांना बाहेर ठेवायची,
मला मांजर आत ठेवायचंय.
तो म्हणाला, जाळीला काय कळतंय
आत कुठलं नि बाहेर कुठलं.

ओटिसला कळलं. सव्वा तासात फाडली.

मग तारेची आणली, पोल्ट्रीवाल्याकडून, दोन गुंडाळ्या.
जूनचा महिना, बोटं खिळ्यांपेक्षा गार.
शेडमधून केनचा टेप काढला.
तो दोन मीटर दहावर अडकतो,
केननंच ओढून बिघडवलेला
आणि शेवटपर्यंत कबूल न केलेला.
म्हणून आमचं सगळं दोन मीटर दहा:
उंची, रुंदी, लांबी,
घराला टेकवून ठेवलेला एक ठोकळा.
ड्रॅगोमिर म्हणाला, नवा टेप वीस डॉलरला मिळतो.
मी ड्रिल सुरू केलं.
त्यानं पुन्हा विचारलं नाही,
फक्त चौथा खांब धरून उभा राहिला
मी नको तितका वेळ त्यात भोक पाडत असताना.

म्हातारी मिसेस पाय पहिल्याच दिवशी आत गेली,
सगळ्यात वरच्या फळीवर चढली,
मालकीण भाडेकरूंकडे बघते तशी
आमच्याकडे बघत बसली.
ओटिस तीन दिवस उंबऱ्यावर.
पुढचे पाय गवतात, मागचे लिनोलियमवर,
आणि सगळी थंडी स्वयंपाकघरात.
चौथ्या दिवशी पाऊस थांबला.
गवताला कसलातरी वास आला असणार,
मला नाही आला. तो गेला.

आता पुन्हा ऑक्टोबर.
तो अंग घासतो तारेला, जाऊन येऊन,
आणि त्याचे राखाडी केस
चौकटीचौकटीत अडकून राहतात.
काल एक तपकिरी मादी आली.
जाळीला उलटी लटकली,
चोचीत मावेना इतकी लोकर ओढून काढली,
उडाली, परत आली.
आत, वीतभर अंतरावर, ओटिस.
दात कटकट वाजत होते त्याचे,
शिवी गिळावी तसे.
तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.
कामात होती.

मी कंगवा घेऊन आले.
त्याला मांडीवर धरून विंचरला,
निघालं ते सगळं बाहेरच्या बाजूनं
तारेत खोचून ठेवलं, थोडं थोडं.

ड्रॅगोमिर कुंपणावरून म्हणतो,
किती घाण झालीय ती जाळी, व्हर्ना,
पाइप लावून धुऊन देऊ का?
विचार करून सांगते, म्हणते मी.